वरची दाढ आणि सायनस : कोणता एक्स-रे कधी काढायचा?

आईची तक्रार दाताची नव्हतीच. "बाई, नाकात कायतरी सडल्यावाणी वास यायलाय," एवढंच ती फोनवर म्हणायची. डाव्या नाकपुडीतून घट्ट पिवळा शेंबूड, खाली वाकलं की डाव्या गालात ठणका, आणि हा वास. आठ महिने आम्ही मानवत, परभणी, नांदेड असे फिरलो. अँटिबायोटिकचे तीन कोर्स झाले. गोळ्या चालू असल्या की बरं वाटायचं, संपल्या की आठवड्यात पुन्हा तेच. शेवटी कारण निघालं वरच्या डाव्या दाढेत. सहा वर्षांपूर्वी त्या दाढेचं रूट कॅनॉल होऊन वर टोपी बसली होती. ती दाढ एक दिवससुद्धा दुखली नव्हती.

मधल्या काळात आईचे पाच फोटो निघाले. पहिल्या दोनांत दुखण्याचं मूळ कारण सापडलं नाही. त्यांत ते दिसणार नव्हतंच, कारण ज्या गोष्टीचा शोध होता ती त्या फोटोत येतच नाही. हे आम्हाला सुरुवातीला कुणी सांगितलं असतं, तर आईचे पाच-सहा महिने वाचले असते.

मी डॉक्टर नाही, परभणीत शाळेत शिकवते. पण या निमित्ताने दाताच्या आणि नाक-कान-घशाच्या डॉक्टरांना इतके प्रश्न विचारले, इतकं वाचलं, की हे लिहून ठेवावंसं वाटलं. कोणता फोटो काढायचा हे डॉक्टरच ठरवतील. तुम्ही निदान योग्य प्रश्न घेऊन त्यांच्यासमोर बसा, त्यासाठी हा लेख.

१. दुखणं दाढेचं की नाकाचं, याचा अंदाज घ्या

गालाच्या हाडाच्या आत दोन्ही बाजूंना एकेक पोकळी असते, तिला मॅक्सिलरी सायनस म्हणतात. वरच्या दाढांची मुळं या पोकळीच्या तळाला टेकलेली असतात. माळवदाच्या घरासारखं समजा: खालच्या खोलीचं छत तेच वरच्याची जमीन. दाढेचं मूळ आणि सायनस यांच्यामध्ये बऱ्याच लोकांत जेमतेम एक-दोन मिलिमीटर हाड असतं, काहींत फक्त पातळ पडदा. त्यातही दुसऱ्या मोठ्या दाढेचं गालाकडचं पुढचं मूळ सगळ्यात जवळ असतं. मुळाशी पू झाला की तो खाली हिरडीत येण्याऐवजी वर सायनसमध्ये जाऊ शकतो.

आणि म्हणूनच अशी दाढ बऱ्याचदा दुखत नाही. पू साचून दाब वाढला की दात ठणकतो. इथे पुवाला वर वाट मिळालेली असते. "दाढ दुखत नाही म्हणजे दाढेचं काही नाही" हे वाक्य आम्ही स्वतःच प्रत्येक डॉक्टरला सांगत होतो, आणि त्यामुळे कुणी तिकडे बघतच नव्हतं.

दाढेवर संशय कधी घ्यायचा:

- त्रास एकाच बाजूला आहे. साध्या सर्दीच्या सायनसमध्ये बहुतेकदा दोन्ही बाजू भरतात.
- नाकात किंवा घशात घाण वास, घाण चव आहे.
- त्याच बाजूच्या वरच्या दाढेचं रूट कॅनॉल, टोपी, मोठं सिमेंट, इम्प्लांट झालंय किंवा दाढ काढलेली आहे.
- गोळ्यांनी तात्पुरतं बरं होऊन पुन्हा उलटतंय.

जुन्या पुस्तकांत मॅक्सिलरी सायनसच्या दुखण्यांपैकी १० ते १२ टक्के दातांमुळे असतात असं दिलेलं असे. सीटी सर्रास निघू लागल्यावर हे प्रमाण, विशेषतः एकाच बाजूच्या जुनाट सायनसमध्ये, त्याहून बरंच जास्त असल्याचं दिसू लागलं.

आता याची उलटी बाजू, कारण इथेही लोक फसतात. जोराची सर्दी होऊन सायनस भरला की वरच्या तीन-चार दाढा एकदम दुखतात. जिना उतरताना, उडी मारल्यावर, वाकल्यावर ठणका येतो. तिथे दाढा निरोगी असतात. अशा वेळी घाईने रूट कॅनॉल करून घेऊ नका. एकच दाढ ठोकल्यावर दुखते की ओळीने सगळ्या, आणि दाढेची नस जिवंत आहे का, हे दाताचे डॉक्टर गार लावून खुर्चीवरच दोन मिनिटांत तपासतात. ही तपासणी फोटोच्या आधी व्हायला हवी.

थांबू नका असं एकच प्रकरण: डोळ्याभोवती सूज, एकाचे दोन दिसणं, गाल बधिर होणं, टाळूवर किंवा नाकात काळी खपली, शुगर असलेल्या माणसाच्या वरच्या दाढा अचानक हलायला लागणं. २०२१ मध्ये कोरोनानंतर म्युकरमायकोसिसने, म्हणजे काळ्या बुरशीने, आपल्याकडे किती घरांवर संकट आणलं हे मी सांगायला नको. यातलं काहीही दिसलं तर दाताच्या एक्स-रेच्या नादी न लागता त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जा, मग ती संभाजीनगरची घाटी असो की तुमच्या जवळचं शासकीय मेडिकल कॉलेज.

२. फोटोआधी प्रश्न लिहून घ्या

डॉक्टर चिठ्ठीवर "एक्स-रे" लिहितात तेव्हा विचारा: यातून आपल्याला काय कळायचंय? साधारण चारच प्रश्न असतात.

अ. या दाढेच्या मुळाशी पू किंवा हाडाची झीज आहे का?
आ. मूळ आणि सायनस यांच्यामधलं हाड शाबूत आहे का?
इ. सायनसमध्ये किती भरलंय, आणि नाकात उघडणारं त्याचं तोंड मोकळं आहे का?
ई. सायनसमध्ये बाहेरची वस्तू गेली आहे का: मुळाचा तुकडा, रूट कॅनॉलचं सिमेंट, इम्प्लांट?

प्रश्न बदलला की लागणारा फोटोही बदलू शकतो. एकाच फोटोत सगळं मिळत नाही.

दाढेचा नंबरही लिहून घ्या. दाताचे डॉक्टर वरच्या उजव्या पहिल्या मोठ्या दाढेला १६ म्हणतात, तिच्या मागची १७. डावीकडे तेच २६ आणि २७. नुसतं "वरची दाढ" लिहिलेली चिठ्ठी घेऊन सेंटरवर जाऊ नका. आईचा एक फोटो २७ चा निघाला, हवा होता २६ चा. चिठ्ठीवर फक्त "लेफ्ट अप्पर" होतं.

३. छोटा एक्स-रे (आयओपीए)

तोंडात फिल्म किंवा सेन्सर ठेवून काढतात तो. जवळजवळ प्रत्येक दवाखान्यात असतो, लगेच निघतो, स्वस्त आणि सगळ्यात कमी किरणांचा. दोन-तीन दाढा मुळांसकट दिसतात, आणि बारकावा चांगला असतो. सुरुवात इथूनच करायची, यावर कुणाचंच दुमत नाही.

पण वरच्या मागच्या दाढांसाठी याच्या मर्यादा नीट समजून घ्या.

पहिलं म्हणजे ती सावली आहे. वरच्या मोठ्या दाढेला तीन मुळं असतात, दोन गालाकडे आणि एक टाळूकडे. सपाट फोटोत ती एकमेकांवर पडतात. वरून गालाच्या हाडाची पांढरी सावली नेमकी मुळांच्या टोकांवर येते. सायनसचा तळ एका बारीक पांढऱ्या रेघेसारखा दिसतो आणि मुळं त्या रेघेच्या वर गेल्यासारखी वाटतात. अनेकदा ती सायनसच्या आत नसतात, अलीकडे किंवा पलीकडे असतात. "मूळ सायनसमध्ये घुसलंय" असं या फोटोवरून कुणी ठामपणे सांगत असेल तर पुढचं पाऊल उचलण्याआधी थांबा.

दुसरं, हाडातली झीज बरीच वाढल्याशिवाय या फोटोत उमटत नाही. हाडातले खनिज ३० ते ५० टक्के गेल्यावर काळा डाग दिसू लागतो, असं दंतवैद्यकात शिकवतात. म्हणून "फोटो नॉर्मल" आणि "दाढ नॉर्मल" ही दोन वेगळी वाक्यं आहेत.

एक युक्ती डॉक्टरांना सुचवायला हरकत नाही: नळी थोडी पुढून किंवा मागून तिरकी धरून दुसरा फोटो काढला की एकमेकांवर पडलेली मुळं सुटी होतात. दोन फोटोंचा खर्च किरकोळ असतो, पण माहिती दुप्पट मिळते.

उलटी येते म्हणून बरेच लोक मागच्या दाढेचा हा फोटो टाळतात. नाकाने लांब श्वास घ्या, पायाची बोटं हलवत राहा. लक्ष तिकडे जातं, उबळ थांबते. आईला हे जमलं.

४. ओपीजी

डोक्याभोवती मशीन फिरतं आणि दोन्ही जबड्यांचा एकच लांब फोटो येतो. कोणती दाढ कुठे आहे, जुनी रूट कॅनॉल किती, अक्कलदाढ अडकली आहे का, दोन्ही सायनसचे तळ सारखे दिसतात का, हे सगळं एका नजरेत कळतं. सायनसचा वरचा भाग मात्र यात धड येत नाही. बारकावाही छोट्या एक्स-रेपेक्षा कमी, आणि आकार साधारण २० ते ३० टक्के मोठा दिसतो. इम्प्लांटसाठी हाडाची उंची नुसत्या ओपीजीवर मोजून द्यायला कुणी तयार असेल, तर नम्रपणे सीबीसीटीचं (त्रिमितीतला स्कॅन, त्याबद्दल पुढे) विचारा.

ओपीजी बिघडायचं सगळ्यात मोठं कारण मशीन नसतं, जीभ असते. फोटो निघताना जीभ टाळूला पूर्ण चिकटवून ठेवायची असते. ती खाली राहिली की जीभ आणि टाळू यांच्यामधल्या हवेचा काळा पट्टा नेमका वरच्या दाढांच्या मुळांवर पडतो, आणि आपल्याला बघायचं असतं तेवढंच झाकलं जातं. टेक्निशियन घाईत असला तर हे सांगत नाही. तुम्हीच लक्षात ठेवा: ओठ मिटलेले, जीभ वर, मशीन थांबेपर्यंत गिळायचं नाही.

गळ्याच्या वरचे सगळे धातू काढावे लागतात: कानातलं, नथ, चष्मा, केसातल्या पिना, कवळी, गळ्यातलं. आमच्या आईने मंगळसूत्र काढायला साफ नकार दिला. मागे रांग लागली होती. तिथली टेक्निशियन मुलगी शांतपणे म्हणाली, "मावशी, अंगावरून नका काढू, फक्त गळ्यातून काढा. पदराला गाठ मारून कमरेला खोचा." आईने तसंच केलं. गाठीवर एक हात दाबून उभी राहिली, मग दोन्ही हातांनी मशीनचा दांडा धरला. पहिल्याच खेपेला फोटो स्वच्छ आला. म्हाताऱ्या माणसाला घेऊन जाणार असाल तर हे घरूनच बोलून जा. गळ्यात राहिलेला धातू फोटोत आपल्या जागी तर दिसतोच, शिवाय समोरच्या बाजूला त्याची पुसट सावली उमटते, आणि फोटो पुन्हा काढावा लागतो.

५. नाकाचा साधा एक्स-रे (पीएनएस)

हनुवटी वर करून चेहऱ्याचा समोरून काढतात तो. सायनस पांढरा झालाय का, आत पाण्याची पातळी दिसते का, एवढं कळतं. दाढेच्या मुळांबद्दल काहीही कळत नाही. आईचा पहिला फोटो हाच होता. डावा सायनस धूसर दिसला, "सायनस आहे" म्हणून गोळ्या सुरू झाल्या, आणि का आहे हा प्रश्न तिथेच राहिला. एका बाजूचा सायनस पांढरा दिसला की पुढची चक्कर दाताच्या डॉक्टरांकडे मारा.

६. सीबीसीटी: वरच्या दाढांचा खरा निकाल इथे

पूर्ण नाव कोन बीम सीटी. दाताच्या कामासाठी हे मशीन इटलीत तयार झालं. पिएरो मोझ्झो आणि सहकाऱ्यांनी १९९८ साली त्याबद्दल प्रसिद्ध केलं, म्हणजे तंत्र तसं नवंच आहे. तुम्ही बसता किंवा उभे राहता, मशीन एकदा डोक्याभोवती फिरतं, साधारण १० ते ४० सेकंद. पण ओपीजीसारखा सपाट फोटो न येता जबड्याचा तो भाग त्रिमितीत साठवला जातो. मग डॉक्टर संगणकावर त्याचे हवे तसे काप करून बघतात, मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शापर्यंत बारीक.

आईचा स्कॅन डॉक्टरांनी आमच्यासमोर उघडला. माउसचं चाक फिरवत ते एकेक काप पुढे नेत होते. टाळूकडचं मूळ गेलं, त्यात पांढरं सिमेंट टोकापर्यंत भरलेलं. मागचं मूळ गेलं, तेही नीट. पुढच्या मुळाशी ते थांबले. त्या मुळाच्या गोल कापात एक पांढरा ठिपका होता, आणि त्याच्या शेजारी एक अगदी बारीक काळा. "हा दुसरा कॅनॉल. हा राहून गेलाय." कॅनॉल म्हणजे मुळातली नसेची बारीक नळी. वरच्या पहिल्या मोठ्या दाढेच्या या मुळात निम्म्याहून अधिक लोकांना दुसरा कॅनॉल असतो, आणि साध्या फोटोत तो पहिल्याच्या मागे लपतो. मग त्यांनी उभा काप घेतला. सायनसच्या तळाची पांढरी रेघ भाकरीच्या पापुद्र्यासारखी पातळ येत होती, आणि नेमकी त्या मुळाच्या टोकावर ती तुटली होती. तुटलेल्या जागेच्या वर सायनसचा पडदा सुजून टेकडीसारखा फुगला होता. आठ महिन्यांचं उत्तर दोन कापांत मिळालं. आई बराच वेळ स्क्रीनकडे बघत होती.

म्हणजे प्रश्न अ, आ आणि ई यांची उत्तरं सीबीसीटी सगळ्यात चांगली देतं. दाढ काढल्यावर चूळ भरताना पाणी नाकातून येत असेल, म्हणजे तोंड आणि सायनस यांच्यामध्ये भोक पडलं असेल, तर त्या भोकाची रुंदीही यात मोजता येते. (अशा वेळी जोरात नाक शिंकरू नका, स्ट्रॉने पिऊ नका, आणि ज्यांनी दाढ काढली त्यांना लगेच कळवा.) वरच्या मागच्या भागात इम्प्लांट बसवायचं असेल, त्यासाठी सायनसचा तळ उचलायचा असेल, तर आधी सीबीसीटी हवंच.

सीबीसीटी सांगताना या गोष्टी चिठ्ठीवर लिहून घ्या:

- कोणती दाढ. नंबरासकट.
- किती भाग. एका दाढेसाठी साधारण ५ बाय ५ सेंटिमीटरचा छोटा भाग पुरतो. त्यात बारकावा जास्त, किरणं कमी. पण सायनस नाकात जिथे उघडतो ते तोंड बरंच वर असतं, छोट्या भागात ते कापलं जातं. नाकाच्या डॉक्टरांनाही हाच स्कॅन दाखवायचा असेल तर आधीच सांगा, म्हणजे भाग मोठा घेतील. नाहीतर दोनदा काढावं लागतं.
- रिपोर्ट हवा की नको. काही ठिकाणी नुसता स्कॅन देतात. शक्यतो ओरल रेडिओलॉजीच्या तज्ज्ञाचा लेखी रिपोर्ट घ्या, आणि तो फक्त त्या दाढेपुरता नको, स्कॅनमध्ये आलेल्या सगळ्या भागाचा हवा.
- मूळ डेटा. सर्वात महत्त्वाचं हेच. पाच-सहा कापांची छापलेली फिल्म घेऊन घरी येऊ नका. डायकॉम फाइल पेन ड्राइव्हवर, सीडीवर किंवा लिंकवर मागा. दुसऱ्या डॉक्टरला स्वतः काप फिरवून बघायचे असतात. छापील फिल्मवर पहिल्याने निवडलेलेच काप असतात.

सीबीसीटीच्या मर्यादाही आहेत. धातूची टोपी असेल तर तिच्यापासून पांढऱ्या-काळ्या पट्ट्या फुटतात. रूट कॅनॉलच्या सिमेंटशेजारी दिसणारा काळा पट्टा कधीकधी मुळाला तडा गेल्यासारखा वाटतो. "मुळाला तडा आहे, दाढ काढा" असा निष्कर्ष फक्त अशा पट्टीवरून निघत असेल तर दुसरं मत घ्या. टोपी तशीही काढायचीच असेल, तर ती स्कॅनआधी काढता येईल का ते विचारा. स्कॅनच्या वेळी वरच्या-खालच्या दाढांमध्ये कापसाची गुंडाळी चावून धरली की दोन्ही बाजूंच्या टोप्या सुट्या राहतात. आणि मान हलवू नका. म्हाताऱ्या माणसांची मान थरथरते, तेव्हा बसून स्कॅन करणारं मशीन आणि डोक्याला पट्टा आहे का ते फोनवर विचारा.

मऊ भाग यात नीट कळत नाही. सायनसमध्ये पू आहे, नुसता सुजलेला पडदा आहे की बुरशी, हे सीबीसीटी खात्रीने सांगू शकत नाही.

७. मेडिकल सीटी (सीटी पीएनएस)

झोपवून काढतात तो. प्रश्न इ याचा. सगळे सायनस, त्यांची नाकातली तोंडं, नाकाचा मधला पडदा वाकडा आहे का, डोळ्याच्या बाजूचं हाड, हे सगळं यात येतं. नाकाचे डॉक्टर दुर्बिणीने सायनसचं ऑपरेशन करणार असतील तर हाच लागतो. बुरशीचा संशय असेल तरीही हाच, आणि तिथे पुढे एमआरआयसुद्धा.

इथला सापळा ऐका. सीटी पीएनएसच्या रिपोर्टमध्ये दातांचा उल्लेख बऱ्याचदा नसतोच. स्कॅनमध्ये वरच्या दाढांची मुळं आलेली असतात, पण बघणाऱ्याचं लक्ष नाकाकडे असतं. सीटी आधीच निघाला असेल तर नव्याने सीबीसीटी काढण्यापूर्वी तोच डेटा दाताच्या डॉक्टरांकडे न्या. आणि नवीन काढणार असाल तर चिठ्ठीवर एक ओळ टाकायला सांगा: "वरच्या डाव्या दाढांची मुळं आणि सायनसचा तळ बघावा." या एका ओळीने रिपोर्ट बदलतो.

८. किरणांची भीती किती बाळगायची

युरोपातल्या २०१२ च्या सीबीसीटी मार्गदर्शक तत्त्वांत दिलेले आकडे मायक्रोसिव्हर्टमध्ये (किरणांचा डोस मोजायचं एकक) असे आहेत: छोटा एक्स-रे १.५ च्या आत, ओपीजी साधारण ३ ते २४, दाढांपुरता सीबीसीटी ११ ते ६७४ (मधला आकडा ६१), जबड्याचा मेडिकल सीटी २८० ते १,४१०. नुसतं जगताना माती, हवा आणि आकाशातून आपल्या अंगावर जगाच्या सरासरीने वर्षाला सुमारे २,४०० मायक्रोसिव्हर्ट येतात, म्हणजे दिवसाला सहा-सात. त्या हिशोबाने छोटा एक्स-रे म्हणजे काही तास, ओपीजी अर्धा ते चार दिवस, मध्यम सीबीसीटी नऊ-दहा दिवस, आणि मेडिकल सीटी दीड ते सात महिने. सीटीचा आकडा कमी डोसच्या सेटिंगवर बराच खाली येतो, तेवढं विचारा.

सीबीसीटीच्या आकड्यांमधलं अंतर बघा. मशीन, भागाचा आकार आणि सेटिंग यांमुळे एवढा फरक पडतो. म्हणून "मोठाच काढून टाका, सगळंच येईल" याला हो म्हणण्याआधी कारण विचारा. लहान मुलांच्या बाबतीत तर नक्कीच. गरोदर असाल किंवा तशी शक्यता असेल तर आधी सांगा.

एक्स-रे मशीनला अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना लागतो. तो बघायला मागण्यात कुणाचा अपमान नाही.

९. कुठे जायचं, सोबत काय न्यायचं

छोटा एक्स-रे तालुक्याला मिळतो, ओपीजी जिल्ह्याच्या गावी. सीबीसीटी सगळीकडे नाही. संभाजीनगर, नांदेड, लातूर इथे चौकशी करा, निघण्याआधी फोन करून मशीन चालू आहे का ते विचारा. ओपीजी काही शे रुपयांत होतो, सीबीसीटीला हजाराच्या वर मोजावे लागतात. भाग आणि रिपोर्ट यावर दर बदलतो, तेव्हा रिपोर्टसकट किती ते विचारून घ्या.

खर्च परवडत नसेल तर दंत महाविद्यालय गाठा. संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालय आहे, लातूर-नांदेडकडेही दंत महाविद्यालयं आहेत. सकाळी लवकर पोचून केस पेपर काढा. पहिली तपासणी ओरल मेडिसिन अँड रेडिओलॉजी विभागात होते, आणि आपल्याला हवा असतो तोच विभाग. वेळ जातो, डबा न्या.

पिशवीत हे असू द्या:

- जुने सगळे फोटो आणि फिल्म, तारखेसकट. मोबाइलवर काढलेले फोटो चालतात, पण मूळ जास्त बरे.
- रूट कॅनॉल किंवा दाढ काढल्याची चिठ्ठी, साल तरी.
- आतापर्यंतच्या अँटिबायोटिकची नावं आणि दिवस.
- शुगर, बीपी, रक्त पातळ करणाऱ्या आणि हाडं ठिसूळ होतात म्हणून घेतलेल्या गोळ्या.
- आधार कार्ड.
- रिकामा पेन ड्राइव्ह.

१०. रिपोर्ट वाचताना

रिपोर्टमध्ये "मॅक्सिलरी अँट्रम" दिसेल. तो सायनसच. १६५१ साली नॅथॅनिएल हायमोर या इंग्रज वैद्याने त्याचं वर्णन केलं, म्हणून "अँट्रम ऑफ हायमोर" असंही लिहितात.

"म्युकोसल थिकनिंग" म्हणजे पडदा जाड झालाय. दोनेक मिलिमीटरपर्यंत सहसा कुणी त्याची दखल घेत नाही. जाडी एका दाढेच्या मुळावरच आहे की सगळीकडे सारखी, हे महत्त्वाचं.

"पेरिअपिकल ल्युसन्सी" म्हणजे मुळाच्या टोकाशी काळा भाग, हाडाची झीज. "डिहिसन्स" किंवा "ब्रीच ऑफ सायनस फ्लोअर" म्हणजे तळाचं हाड तुटलंय. "मिस्ड कॅनॉल" म्हणजे राहून गेलेला कॅनॉल.

आणि "रिटेन्शन सिस्ट". हा शब्द वाचून आमच्या एका नातेवाइकाच्या घरी दोन दिवस चूल पेटली नाही. घरात तंबाखू खाणारं माणूस असलं की "सिस्ट" म्हणजे थेट कॅन्सर असं मनात येतं. सायनसच्या तळाशी घुमटासारखी गोल, गुळगुळीत दिसणारी ही पाण्याची पिशवी खूप लोकांत सहज सापडते, आणि त्रास नसेल तर बहुधा तिला हात लावत नाहीत. डॉक्टरांना विचारा, पण घाबरून नव्हे. हाडाची भिंत खाल्ली गेल्याचा उल्लेख असेल, तर मात्र लगेच दाखवा.

बघताना बाजूही लक्षात ठेवा: फोटोच्या उजव्या हाताला रुग्णाची डावी बाजू असते.

११. त्यानंतर

रिपोर्ट दोन्ही डॉक्टरांना दाखवा. दाढेचा उगम तसाच ठेवून नुसतं सायनसचं ऑपरेशन केलं की दुखणं परत येतं, आणि कधी दाढेचं काम झाल्यावरही सायनस आपणहून साफ होत नाही, तेव्हा नाकाच्या डॉक्टरांची गरज लागते. दोघांनी एकमेकांशी फोनवर बोलावं असा आग्रह धरा. आमच्या प्रकरणात ते बोलले त्या दिवसापासून गाडी रुळावर आली. ठरलं की आधी रूट कॅनॉल पुन्हा करायचं, दाढ काढायची नाही, आणि तीन महिन्यांनी नाक दुर्बिणीने बघायचं.

राहिलेला कॅनॉल साफ करून भरला. तिसऱ्या आठवड्यात आईचा फोन आला, "वास गेला बग."

लगेच दुसरा सीबीसीटी काढायची घाई करू नका. हाड भरायला वेळ लागतो. सहा महिन्यांनी आणि वर्षाने साधा छोटा एक्स-रे काढून बघतात, आणि शंका राहिली तरच पुढचा. त्यासाठी पहिल्या वेळचा डेटा जपून ठेवा. आमचा पेन ड्राइव्ह घराच्या कागदपत्रांच्या ट्रंकेत आहे, वर चिकटपट्टी लावून लिहिलंय: आई, २६, डावी बाजू.